भाजी वाढली की भाजीचं सांगणं वाढलं? तासगाव तालुक्यातल्या एका आहार-सर्वेक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या काही गावांत एका सामाजिक संस्थेने महिला बचत गटांमार्फत परसबागेचा कार्यक्रम चालवला. (संस्था आणि गावं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत.) हा द्राक्षाचा मुलूख. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या तोडणीपर्यंत बायका बागांमध्ये रोजाने जातात. सकाळी भाकरी थापायची, डबा भरायचा, संध्याकाळी परत आल्यावर चूल. जेवणात भाकरी, एखादी आमटी किंवा कालवण, ठेचा नाहीतर शेंगदाण्याची चटणी, आणि बाजाराचा दिवस जवळ असेल तर भाजी.

कार्यक्रम साधा होता. मेथी, पालक, पोकळा, शेपू, दोडका, वांगी यांचं बियाणं द्यायचं, सांडपाण्यावर चार वाफे कसे करायचे ते दाखवायचं आणि गटाच्या मासिक बैठकीत आहाराबद्दल बोलायचं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्यांची, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. त्यात बटाटा, रताळं धरत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरीच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. संस्थेने आधीचाच आकडा धरून बैठकीसाठी एक वाक्य केलं होतं: "रोज पाच वाट्या फळं-भाज्या." भिंतींवर ते रंगवलं, बैठकीच्या शेवटी सगळ्या बायका ते एकत्र म्हणत.

कार्यक्रमाआधी मे महिन्यात एक सर्वेक्षण झालं. पुढच्या वर्षी डिसेंबरात दुसरं झालं. दोन्ही वेळा प्रश्न तेच होते: आठवड्यातले किती दिवस भाजी खाता, त्या दिवशी किती वाट्या, फळं किती दिवस, किती. प्रश्न विचारणाऱ्याही त्याच होत्या. बैठका घेणाऱ्या गावातल्या सखीच हातात फॉर्म घेऊन घरोघरी फिरल्या होत्या.

अडचण कुठे दिसली

दुसऱ्या सर्वेक्षणात भाजीचं प्रमाण इतकं वाढलेलं आलं की निधी देणाऱ्यांकडून अभिनंदनाचा मेल आला. संस्थेच्या प्रकल्प समन्वयक मात्र गप्प होत्या. त्या स्वतः त्याच तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. आकडेवारी तपासायला मला बाहेरून बोलावलं ते त्यांच्याच आग्रहामुळे.

त्यांच्या शंकेला दोन आधार होते. पहिला म्हणजे उत्तरांचा आकार. मे महिन्यातली उत्तरं एक, दोन, दीड, "कधी असते कधी नसते" अशी पसरलेली होती. डिसेंबरातल्या उत्तरांत "पाच" या आकड्यावर ढीग पडला होता. चार आणि सहा जवळजवळ कुणीच म्हणत नव्हतं. खाण्याची सवय बदलते तेव्हा कुणी दोनावरून तीनावर जातं, कुणी चारावर, कुणी होतं तिथेच राहतं. सगळा गाव नेमका भिंतीवर लिहिलेल्या आकड्यावर येऊन थांबत नाही.

दुसरा आधार बाजाराच्या पिशवीचा. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज ४०० ग्रॅम खाल्लं तर घराला दिवसाला दोन किलो लागतात, आठवड्याला चौदा किलो. तेही देठ, साली, नासकं काढून उरलेलं. आठवडी बाजारातून आणलेली पिशवी आणि परसबागेच्या वहीतली तोडणीची नोंद एकत्र धरली तरी चौदा किलो कुठल्याच घरात होत नव्हते. समन्वयकांनी हे दोन कुटुंबांपुरतं कागदावर मांडून पाहिलं होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं. कुठलंही सर्वेक्षण हाती आलं की सगळ्यात आधी हा हिशोब करावा असं मला वाटतं. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

आणखी एक गोष्ट सरळ होती, तरी अहवालाच्या मसुद्यात ती कुणी लिहिली नव्हती. पहिलं सर्वेक्षण मे महिन्यातलं, दुसरं डिसेंबरातलं. मे महिन्यात या भागात पालेभाजी महाग आणि सुकलेली मिळते. डिसेंबरात मेथी, पावटा, वांगी, हरभऱ्याचा पाला सगळं स्वस्त असतं. कार्यक्रम झाला नसता तरी डिसेंबरात भाजी वाढलीच असती.

म्हणजे प्रश्न तीन पदरी झाला. दिसलेल्या वाढीतली ऋतूची किती, कार्यक्रमाची किती, आणि नुसत्या सांगण्यातली किती?

"बायका खोटं बोलतात का?"

संस्थेच्या बैठकीत हा प्रश्न कुणीतरी याच शब्दांत विचारला आणि सखी दुखावल्या. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण पुढचे निर्णय याच्या उत्तरावर अवलंबून होते.

काल किती ग्रॅम भाजी खाल्ली हे कुणालाच माहीत नसतं. मलाही नाही. आपण जेवण मोजून खात नाही, आणि या घरांतली जी बाई उत्तर देते ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी जेवते, पातेल्यात उरलेलं घेते, शेजारी बसलेल्या पोराला त्यातलंच भरवते. तिला स्वयंपाक किती केला हे नेमकं माहीत असतं, स्वतःच्या पोटात किती गेलं हे नसतं. "किती वाट्या?" असं विचारल्यावर ती केलेल्या भाजीवरून उत्तर बांधते. त्यात समोर सखी बसलेली, जिने वर्षभर जीव तोडून शिकवलं. तिला "नाही गं, होत नाही आमच्याच्यानं" म्हणायला जड जातं. एका काकूंनी नंतर समन्वयकांना मोकळेपणाने सांगितलंही: "तुम्ही एवढं बी-बियाणं दिलं, पोरगी उन्हातान्हात येती, आन् तिला तोंडावर न्हाई म्हणू व्हय?"

हा परिणाम जगभर मोजला गेलेला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला मुलाखतीआधी फळं-भाज्यांचे फायदे सांगणारं पत्र आणि त्याच संदेशाचं स्टिकर नि फ्रिजवर लावायचं चुंबक पाठवलं, दुसऱ्याला नुसतं साधं पत्र. नंतर तीच प्रश्नावली दिली. पहिल्या गटाने सरासरी ५.२ वाटे सांगितले, दुसऱ्याने ३.७. दोन्ही गटांत या टपालाशिवाय फरक काहीच नव्हता. एका टपालाने एवढं होतं, तर वर्षभराच्या बैठकांनी आणि भिंतीवरच्या रंगाने किती होईल याचा अंदाज करावा.

यातला गंभीर भाग असा. सगळे नेहमी सारखंच वाढवून सांगत असते तर फार बिघडलं नसतं. आधी जेवढं जास्त, नंतरही तेवढंच जास्त, वजाबाकीत ते निघून गेलं असतं. इथे मात्र कार्यक्रमानेच सांगण्याची पद्धत बदलली होती. मोजमापातली चूक आधी एक आणि नंतर दुसरी, आणि ज्या दिशेला यश दिसायला हवं त्याच दिशेला ती झुकलेली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तो अहवाल पाठवून द्यायचा. तो अगदीच बेईमानीचा होता असं म्हणता येणार नाही, कारण अशा कार्यक्रमांचे बहुतेक अहवाल अशाच प्रश्नांवर उभे असतात. संस्थेच्या हिशोबनीसांचा कल तिकडेच होता: पुढच्या हप्त्याची तारीख जवळ आली होती.

दुसरा, रक्ताची तपासणी. भाज्या-फळांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं आणि क जीवनसत्त्व रक्तात उतरतात. माणूस काय सांगतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. निधी देणाऱ्यांच्या प्रतिनिधींना हा मार्ग फार आवडला. मिरज जवळच, तिथे दवाखान्यांची आणि लॅबची कमी नाही, मग हरकत काय?

हरकत बरीच होती. कॅरोटिनॉइडची चाचणी नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत नाही. क जीवनसत्त्व तर रक्त काढल्यावर झपाट्याने नासतं. ते तिथल्या तिथे आम्लात टिकवून अतिथंड ठेवावं लागतं. शिवाय पोटात रोज साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, आणि आपल्याकडे भाजी शिजवताना त्यातलं बरंच उडून जातं.

त्याहून मोठी अडचण इथल्या ताटातली होती. कॅरोटिनॉइड भरपूर असतात ते पालेभाज्या, गाजर, पपई, आंबा यांत. वांगं, दुधी, फ्लॉवर, काकडी, कांदा आणि द्राक्षं यांत ते अगदी थोडे. म्हणजे कृष्णाकाठचं वांगं कुणी रोज खाल्लं आणि हंगामभर द्राक्षं खाल्ली, तरी रक्तात त्याचा मागमूस दिसणार नाही. उलट लाल मिरचीत कॅरोटिनॉइड असतात, आणि कांदा-लसूण मसाल्याशिवाय इथे चूल पेटत नाही. अंगातल्या चरबीचं प्रमाण, जेवणातलं तेल यांनीही पातळी हलते. त्वचेवर प्रकाश टाकून बोटाच्या पेरातून हीच रंगद्रव्यं मोजणारी यंत्रं आता निघाली आहेत, सुईचा त्रास वाचतो, पण वांग्याचा प्रश्न तिथेही तसाच. हिरव्या पाल्याबद्दल ही चाचणी काहीतरी सांगू शकली असती. "फळं-भाज्या एकूण किती" याबद्दल फारसं नाही.

लघवीतलं पोटॅशियम हा आणखी एक मार्ग सुचवला गेला. खाल्लेल्या पोटॅशियमचा मोठा भाग लघवीतून जातो हे खरं. पण चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायची, तीही बागेत मजुरीला गेलेल्या बाईने! हा विषय समन्वयकांनी एका वाक्यात संपवला. आणि पोटॅशियम डाळी, ज्वारी, दूध यांतूनही येतं.

तिसरा पर्याय, थोड्या घरांत प्रत्यक्ष बसून वजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांना विचारायचं. वेळखाऊ, पण तराजू आणि माणसं एवढंच लागतं.

चौथा, ग्रॅमचा नाद सोडून देऊन फक्त "काल यांपैकी काय खाल्लं?" असं हो-नाही विचारायचं. स्त्रियांच्या आहारातली विविधता मोजण्याची एक पद्धत जागतिक पातळीवर ठरली आहे, तिची मार्गदर्शिका २०१६ मध्ये निघाली. त्यात दहा अन्नगट आहेत आणि पाच किंवा जास्त गट असले तर विविधता किमान पुरेशी धरतात. गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व असलेली इतर फळं-भाज्या, बाकीच्या भाज्या आणि बाकीची फळं असे चार गट त्यात आपल्या कामाचे आहेत. हा पर्याय मला सगळ्यात जास्त पटत होता. पण झालेल्या दोन सर्वेक्षणांत असं विचारलंच नव्हतं, त्यामुळे मागच्याशी तुलना होणार नव्हती.

काय ठरलं

तिसरा पर्याय मुख्य, चौथा जोडीला. इथे समन्वयकांनी एक गोष्ट अडून बसून मान्य करून घेतली, आणि पुढे सगळं प्रकरण तिच्यावर उभं राहिलं. वजनासाठी फक्त गटातल्या बायका न घेता त्याच गावांतल्या, कधीही बैठकीला न आलेल्या बायकाही घ्यायच्या. ऋतू तोच, बाजार तोच, फरक फक्त शिकवणीचा.

सखींना या कामातून बाजूला ठेवायचं ठरलं. त्यावर वाद झाला. "आमच्यावर विश्वास नाही का?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांना गावातली ओळख करून देण्याचं काम दिलं आणि वजनाला, मुलाखतीला सांगलीतल्या एका कॉलेजच्या गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी घेतल्या. वजन करणारी वेगळी, दुसऱ्या दिवशी विचारणारी वेगळी. विचारणारीला वजनाचे आकडे दाखवायचे नाहीत.

संमती घेताना काय सांगायचं हाही निर्णयच होता. "भाजी मोजायला आलोय" म्हटलं की त्या दिवशी भाजीच होणार. न सांगता जाऊन बसणं योग्य नव्हतं. म्हणून खरं आणि पूर्ण सांगितलं: आम्ही दिवसभराचं सगळं जेवण मोजणार आहोत. पीठ, तेल, डाळ, साखर, चहाचं दूध, सगळंच. आणि ते खरोखर मोजलंही. कुठल्या दिवशी येणार ते आधी सांगितलं नाही. फक्त पंधरवडा सांगितला. बाजाराचा दिवस, बाजारानंतरचा पाचवा-सहावा दिवस, आणि उपवासाचे दिवस असे सगळे थोडेथोडे यावेत अशी वाटणी केली. उपवासाच्या दिवशी केळं हमखास असतं, आणि बाजार होऊन पाच दिवस झाले की पिठलं.

एवढं करूनही पहिल्या दिवशी पाहुणचार झालाच. विद्यार्थिनींना पोहे, वर "पोरी, जेवूनच जा", आणि त्यांच्यासाठी म्हणून शेजारून आणलेली मेथी. त्यामुळे प्रत्येक घरातला पहिला दिवस सरावाचा धरला आणि हिशोबातून काढून टाकला.

प्रत्यक्ष मोजणी

पातेल्याचा हिशोब समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून एका घराचं उदाहरण घेतो.

संध्याकाळी वांग्याचं कालवण केलं. देठ काढून वांगी ४८० ग्रॅम, कांदा ६० ग्रॅम, टोमॅटो ६० ग्रॅम. म्हणजे कच्ची भाजी ६०० ग्रॅम. पाणी, कूट, तेल, मसाला धरून शिजलेलं कालवण १५०० ग्रॅम भरलं. म्हणजे दर १०० ग्रॅम कालवणात ४० ग्रॅम भाजी. घरातल्या बाईने सगळ्यांत शेवटी १२० ग्रॅम घेतलं. हिशोबाने ४८ ग्रॅम भाजी झाली. खरं तर त्याहूनही कमी, कारण फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात आधीच गेल्या होत्या आणि तिच्या वाट्याला रस्सा आला होता. विद्यार्थिनींनी म्हणून पुढे फोडी वेगळ्या काढून वजन करायला सुरुवात केली. त्याला वेळ लागला, जेवण थंड झालं, आणि एका आजोबांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी या बाईने सांगितलं, "दोन वाट्या खाल्ली." प्रश्नावलीत एक वाटी म्हणजे ८० ग्रॅम भाजी असं धरलेलं. नोंद झाली १६० ग्रॅम. वाटी तिने खोटी सांगितली नव्हती, दोनदा वाढून घेतलं होतं. चूक वाटीला भाजीने भरलेली धरण्यात होती.

आणि याच घरात पातेल्याला माणसांनी भागायची सोपी पद्धत वापरली असती तर? पाच माणसं, प्रत्येकी १२० ग्रॅम भाजी. बाईच्या ताटात पडली त्याच्या अडीचपट. घर मोजून बाईचा आहार काढणाऱ्यांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा.

डब्याचा प्रश्न वेगळा. दुपारचं जेवण बागेत. भरलेला डबा घरी मोजता येत होता, परत आलेला डबाही; पण बागेत बायका एकमेकींच्या डब्यातलं खातात, किंबहुना तेच तर दुपारचं सुख. त्यामुळे काही दिवस विद्यार्थिनी मजुरांच्या टेम्पोतून बागेत गेल्या. आणि तिथे या प्रकरणाला एक फाटा फुटला.

द्राक्षं

महिना फेब्रुवारीचा, तोडणी जोरात. घरी विचारल्यावर फळांचं उत्तर ठरलेलं होतं: "फळं कुठली परवडत्यात? पोरं आजारी पडली तर आणतो." फॉर्मवर शून्य. बागेत मात्र त्याच बायका घड साफ करताना तुटलेले, फुटलेले मणी तोंडात टाकत होत्या, आणि संध्याकाळी बाद माल ओच्यात किंवा पिशवीत घरी जात होता. त्यांच्या लेखी फळ म्हणजे विकत आणलेलं सफरचंद किंवा मोसंबी. हे तर कामावरचं.

सगळ्याच बागांत असं नव्हतं. कुठल्या प्लॉटवर कधी फवारणी झाली हे मजूर बायकांना मालकाइतकंच माहीत असतं, आणि ताज्या फवारणीच्या प्लॉटवर त्या मणीही उचलत नाहीत. तरीही काही जणींच्या पोटात त्या महिन्यात रोज चांगलीच फळं जात होती आणि सर्वेक्षणाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे एकच बाई भाजी जास्त सांगत होती आणि फळं कमी. दोन्ही मिळून जो एकूण आकडा येतो त्यात या चुका एकमेकींना थोड्या झाकतात, आणि त्यामुळे तो एकूण आकडा सगळ्यात फसवा ठरतो. निधी देणाऱ्यांना नेमका तोच हवा होता.

काय दिसलं

वजन आणि सांगणं शेजारी ठेवल्यावर विद्यार्थिनींनी आधी सहसंबंध काढला. तो बऱ्यापैकी आला आणि खोलीत जरा हायसं वाटलं. पण सहसंबंध फक्त क्रम सांगतो: जी जास्त खाते ती जास्त सांगते का? प्रत्येकीने दुप्पट सांगितलं तरी तो उत्तमच येईल. म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या लेखाने रूढ केलेला साधा आलेख काढला: आडव्या अक्षावर दोन्ही मोजमापांची सरासरी, उभ्यावर त्यांतला फरक. तिथे चित्र उघड झालं. भाजीच्या बाबतीत बहुतेक ठिपके शून्याच्या वर, आणि गटातल्या बायकांचे ठिपके गटाबाहेरच्यांपेक्षा आणखी वर.

प्रत्यक्ष वजनात गटातल्या आणि गटाबाहेरच्या बायकांच्या ताटातल्या एकूण भाजीत म्हणावा असा फरक नव्हता. सांगण्यात मोठा फरक होता. डिसेंबरातल्या वाढीपैकी ऋतूचा भाग वेगळा काढता येत नव्हता, पण उरलेल्यातला बराचसा सांगण्यातला होता, एवढं म्हणायला हे पुरेसं होतं.

चुकांचे प्रकारही वेगळे निघाले. आठवणीत शिरलेल्या वस्तू: शेपूची भाजी केली, नवऱ्याच्या डब्यात गेली, हिच्या ताटात आलीच नाही, पण सांगताना आली. आठवणीतून गळलेल्या वस्तू: भाकरीबरोबर फोडलेला कच्चा कांदा, आमटीतला टोमॅटो, शेतातून उपटून खाल्लेला हरभरा. मूग, मटकी, पिठलं भाजीच्या रकान्यात गेलेलं, बटाटाही तिथेच. आणि जी मुळात फार कमी खाते ती प्रमाणाने सगळ्यात जास्त वाढवून सांगते, असा आहार-सर्वेक्षणांत नेहमी दिसणारा कलही इथे होताच.

हो-नाहीच्या यादीने मात्र चांगलं काम केलं. "काल मेथी? पालक? पोकळा? चाकवत?" असं एकेक नाव घेत विचारलं की उत्तर वजनाच्या नोंदीशी बऱ्याच वेळा जुळत होतं. त्यात कार्यक्रमाचं खरं यशही दिसलं. गटातल्या घरांत हिरवा पाला जास्त दिवस शिजत होता, आणि बाजार होऊन पाच-सहा दिवस झाल्यावरही परसातला पोकळा किंवा पालक पातेल्यात पडत होता. प्रमाण थोडं, पण होतं.

एक गोष्ट निष्कर्षाबरोबर लिहून ठेवली. ज्या बाईच्या ताटाचं दिवसभर वजन झालं तिला ते जेवण नेहमीपेक्षा जास्त लक्षात राहतं. त्यामुळे इथे मोजलेली चूक किमान समजावी. एरवीच्या सर्वेक्षणात ती याहून जास्तच असणार.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

निधी देणाऱ्यांकडून लगेच सूचना आली: वजनावरून एक गुणक काढा आणि दोन्ही सर्वेक्षणांचे आकडे दुरुस्त करा. हे मोहात पाडणारं होतं आणि चुकीचं. गुणक फेब्रुवारीतला, शिकवणी झाल्यानंतरचा. मे महिन्यात, बैठका सुरू होण्याआधी, बायका किती वाढवून सांगत होत्या हे कुणी मोजलं नव्हतं. एकाच गुणकाने दोन्ही आकडे कमी केले असते तर वाढ टक्क्यांत तशीच राहिली असती आणि तिच्यावर शास्त्राचा शिक्का मात्र बसला असता. समन्वयकांनी नकार दिला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय तोच, कारण तोवर अहवाल उशिरा झाला होता आणि हप्ता अडला होता.

मागे वळून पाहताना सुधारता आली असती अशी पहिली गोष्ट तीच. वजनाची छोटी फेरी कार्यक्रमाआधी व्हायला हवी होती. थोडी घरं चालली असती. तेव्हा खर्च वाचवला आणि नंतर तोच खर्च अर्ध्या उपयोगासाठी केला.

दुसरी, दोन्ही सर्वेक्षणं एकाच महिन्यात. त्यात फार बुद्धी लागत नाही, पण प्रकल्पाचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पैसे मे महिन्यात येतात आणि अहवाल मार्चआधी लागतो. भाजीचा हंगाम त्या वेळापत्रकात बसत नाही.

तिसरी, शिकवणारीने मोजू नये. हे सगळ्यांना पटतं आणि सगळीकडे उलट होतं, कारण सखी गावातच असते, तिला भाडं लागत नाही आणि तिच्यासाठी दार उघडतं. पूर्णपणे बाहेरची माणसं आणणं परवडत नसेल तर शेजारच्या गावांच्या सखींनी गावांची अदलाबदल करावी, असं एका सखीनेच नंतर सुचवलं. याने सगळा संकोच जाणार नाही, पण वर्षभर जिने शिकवलं तिच्याच तोंडावर उत्तर देण्याची वेळ तरी येणार नाही.

विद्यार्थिनींबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांचं वजन अचूक होतं, पण चाकवत आणि तांदळी यांतला फरक शहरात वाढलेल्या दोघींना कळत नव्हता, आणि "पाला" एवढंच लिहून ठेवलेल्या नोंदी नंतर कुठल्या रकान्यात घालाव्यात ते ठरेना. एक दिवस त्यांना आठवडी बाजारात फिरवलं असतं तर हे टळलं असतं.

अहवालात शेवटी काय गेलं? एकूण ग्रॅमचा आकडा काढून टाकला. "रोज पाच वाट्या खाणाऱ्या महिलांचं प्रमाण" हे मूळ मसुद्यातलं ठळक वाक्य गेलं. हिरव्या पाल्याचे दिवस वाढले हे राहिलं, कारण त्याला वजनाचा आधार होता. सांगणं आणि वजन यांतली तफावत दोन पानांत मांडली, द्राक्षांसकट. निधी देणाऱ्यांनी आधी ती दोन पानं परिशिष्टात टाकायला सांगितली. समन्वयकांनी ती मुख्य भागातच ठेवली. पुढचा हप्ता मिळाला, ठरल्यापेक्षा उशिरा, आणि परसबागेऐवजी बियाणं-बँकेसाठी.

पुढच्या फेरीच्या फॉर्मवरून "किती वाट्या" हा प्रश्न गेला आहे. त्याजागी नावांची यादी आहे, एक दिवस सोडून दुसऱ्यांदा विचारायची. यादीत द्राक्षं, बोरं, पेरू, चिंच आणि शेतातला हरभरा वेगळे लिहिले आहेत, आणि फळांच्या प्रश्नाआधी एक नवा प्रश्न आला आहे: "काल कामावर, रानात काही तोंडात टाकलं का?" भिंतींवरचं "पाच वाट्या" पुसायचं की ठेवायचं यावर संस्थेत अजून एकमत नाही.